अदृश्य होण्याची जादू नेमकी चालते कशी? (कादंबरीसाठी मदत हवी)

खारफुटी

मंडळी, एका काल्पनिक कादंबरीत अडकले आहे. जागा आपलं ठाणंच, पण जुनं. शिलाहार राजांच्या श्रीस्थानकावर (म्हणजे जुन्या ठाण्यावर) बेतलेलं बंदर, तळी, मिठागरं, खाडीपलीकडे तिवरांचं रान. इतिहास लिहीत नाहीये, त्यामुळे सनावळ्या काढून झोडू नका. या जगात 'लोपविद्या' आहे आणि ती येणारे ते लोपकर. राजा त्यांना पगारी ठेवतो, व्यापारी त्यांच्या नावाने बोटं मोडतात. माझी नायिका लोपकरीण. तिला अमावास्येच्या मध्यरात्री खाडीचा चिखल तुडवत पलीकडच्या जकातचौकीतून एक ताम्रपट पळवायचा आहे.

घोळ असा की ती 'दिसत नाही' म्हणजे काय होतं, हेच पक्कं नाही. पहिल्या प्रकरणात तिची सावली पडते, तिसऱ्यात पडत नाही. तिच्या हातातलं मडकं एकदा तिच्यासोबत नाहीसं झालंय, एकदा हवेत तरंगतंय. मैत्रीण म्हणते, जादूच आहे ना, मग कशाला डोकं लावतेस! पण नियमच नसले तर प्रत्येक संकटातून बाई आपोआप सुटणार आणि वाचक पान ४० वर पुस्तक मिटणार. ही विद्या चालते कशी आणि अडते कुठे, दोन्ही सांगा.

अपवर्तन

वाशीत ज्युनियर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच आहे असं धरून चालतो.

प्रकाशाशी खेळायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, शरीर पारदर्शक करायचं. वर्गात मी बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी सूर्यफुलाच्या तेलात बुडवून दाखवतो. दोघांचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वाकतो याचं माप) १.४७ च्या आसपास असल्यामुळे नळी बघता बघता नाहीशी होते. तसं माणसाला हवेत नाहीसं व्हायचं तर त्याचा अपवर्तनांक हवेइतका, म्हणजे जवळजवळ १ व्हायला हवा. नुसत्या पाण्याचाच १.३३ असतो, आणि आपण बरेचसे पाणीच आहोत. निसर्गात याच्या जवळ जाणारा प्राणी म्हणजे काचबेडूक. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो झोपतो तेव्हा जवळपास नव्वद टक्के तांबड्या पेशी यकृतात लपवून ठेवतो. जागा झाला की रक्त पुन्हा फिरतं आणि तो पुन्हा दिसायला लागतो. हे तुम्हाला आयतं आहे: लोपकर फक्त निश्चल असतानाच गायब राहू शकतो, धावला की उमटतो.

२०२४ मध्ये टार्ट्राझिन नावाचा पिवळा खाद्यरंग चोळून उंदराची कातडी काही वेळ पारदर्शक करून दाखवली. पेशीतल्या पाण्याचा अपवर्तनांक वाढून तो आजूबाजूच्या चरबी-प्रथिनांच्या जवळ गेला की प्रकाश विखुरणं कमी होतं. कृपया घरी करू नका.

दुसरी वाट, प्रकाश शरीराला वळसा घालून पलीकडे न्यायचा. २००६ साली अमेरिकेत तांब्याचा एक छोटा दंडगोल सूक्ष्मलहरींपासून असा लपवला होता. डोळ्यांना तो व्यवस्थित दिसत होता, फक्त सूक्ष्मलहरींना दिसत नव्हता.

आता खरी मेख. दोन्ही वाटांनी गेलेला माणूस आंधळा होतो. दृष्टिपटलाने प्रकाश शोषला तरच दिसतं. पटल पारदर्शक झालं तर प्रकाश आरपार. वळसा घातला तर प्रकाश आत येतच नाही. म्हणजे तुमची नायिका चिखलात चाचपडत फिरणार.

तीन_पेट्रोलपंप

अदृश्य माणूस सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर सोडून बघा. आपल्याला लोक दिसूनसुद्धा चेंगरतात, याच्यासाठी तर कोणी बाजूला सरकणारही नाही. दादरला अस्थी उतरतील.

बाकी ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायचा असेल तर लोपविद्या उतरवूनच ओलांडावा. डंपरवाल्यांना सिग्नल दिसत नाही, मग...

जुनापाणी

अपवर्तन सरांनी एकविसाव्या शतकापासून सुरुवात केली, मी उलट टोकाने येतो. आपल्याकडे या विषयावर इतका तपशील पडला आहे की परदेशी जादूगारांकडे जायचं कारणच नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं चौदावं अधिकरण वाचा. राज्यकारभार, कर, हेरगिरी असं सगळं रोखठोक सांगून झाल्यावर हा गृहस्थ शेवटाकडे अंजनं आणि मंत्र देत बसतो. एक कृती अशी: तीन रात्री उपास, मग पुष्य नक्षत्रावर, शस्त्राने मारलेल्या किंवा सुळी दिलेल्या माणसाच्या कवटीत माती भरून जव पेरायचे, मेंढीच्या दुधाने शिंपायचे, आणि उगवलेल्या अंकुरांची माळ गळ्यात घालायची. मग तो माणूस 'नष्टच्छायारूप' होऊन हिंडतो. रूपही गेलं आणि सावलीही गेली. सावलीचा प्रश्न त्याला आधीच सुचला होता.

पतंजलीच्या योगसूत्रांचा सिद्धींवरचा भाग, विभूतिपाद, मात्र वेगळंच यंत्र सांगतो. योगी आपल्या रूपावर संयम (म्हणजे पूर्ण एकाग्र ध्यान) करतो, रूपाची 'ग्रहण होण्याची' शक्ती थांबते, पाहणाऱ्याचा डोळा आणि प्रकाश यांचा संयोग तुटतो आणि तो अंतर्धान पावतो. शरीराला काही होत नाही, पाहणं अडवलं जातं. सूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्य, पुढे म्हणतं की शब्द वगैरेंचंही असंच समजावं. सर, यात तुमचं आंधळेपण उरत नाही. तिचे डोळे शाबूत आहेत, बिघाड समोरच्याच्या बाजूला आहे.

अपवर्तन

वा. हे मान्य. पण मग सावली पडणारच. जमिनीवर जो प्रकाश पोचला नाही तो नाहीच पोचला. पहारेकरी तिच्याकडे बघत नाहीये, जमिनीकडे बघतोय.

जुनापाणी

बरोबर. म्हणूनच नलोपाख्यान आठवा. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात. ती त्यांना ओळखते कशी? देवांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, हार कोमेजत नाहीत, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि सावली पडत नाही. तिथे रूप आहे, सावली नाही. खारफुटीताईंची लोपकरीण बरोब्बर उलटी: रूप नाही, सावली आहे, घाम आहे, धूळ आहे.

वीसबाजूंचाफासा

खारघरला दर रविवारी फासे टाकून असले खेळ खेळवतो, त्यामुळे 'अदृश्य' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. खेळाडूला ही विद्या दिली की तो सगळ्या समस्या एकाच किल्लीने उघडायला बघतो. म्हणून आमच्याकडे जुना नियम आहे: अदृश्य असताना कोणावर हात उगारला की मंत्र तुटतो. कारण विचारू नका, कारण नाही. तो नियम नसेल तर बाकीच्या चौघांनी घरी जावं.

कादंबरीत मात्र कारण लागतं. माझी सूचना: विद्या अडवण्याची असेल तर प्रत्येक पाहणाऱ्याचे डोळे वेगळे अडवावे लागतात. एक पहारेकरी सोपा, तिघे जड, बाजारात शंभर अशक्य. म्हणजे तीन_पेट्रोलपंप म्हणतो तो पूल लोपकरांना वर्ज्य, आणि मध्यरात्रीची खाडी योग्य. तुमचं दृश्य आपोआप बसलं.

आणि जुनापाणी, ती न लवणारी पापणी मला द्या! लोपकराने विद्या धरली की पापणी लववायची नाही. लवली की त्या क्षणापुरता दिसला. संपला विषय. आता मिठागरावरून येणारा खारा वारा काय करेल सांगा.

खारफुटी

हे घेतलं. घेतलं घेतलं घेतलं. मिठागर म्हणजे लोपकरांसाठी सगळ्यात वाईट जागा, आणि जकातचौकी मुद्दाम मिठागराला लागून बांधलेली.

ऐरोलीवाली

सगळं छान चाललंय, एक खडा टाकते.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची कथा जुनापाणींना माहीत असेलच. चिनी भाषेतल्या त्याच्या चरित्रात येते. तरुणपणी तो आणि त्याचे तीन मित्र अदृश्य होण्याची विद्या मिळवतात. एवढी मोठी विद्या, तीही अतिशय बुद्धिमान माणसाच्या हाती. आणि हे चौघे जातात कुठे? राजाच्या अंतःपुरात. अनेक स्त्रिया गरोदर राहतात तेव्हा बोभाटा होतो. आपल्या चावडीवरच्या अंजन-मांत्रिकाच्या गोष्टीही याच वळणाच्या असतात. पुरुषाला कोणी बघत नसेल तर तो काय करेल याची यादी फार लांब नसते.

म्हणून तुमची नायिका बाई आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. रात्री साडेअकराला ऐरोली स्टेशनवरून चालत घरी येताना मला सोन्याची नाणी चोरायला अदृश्य व्हायचं नसतं, कोणी मागे लागू नये एवढ्यासाठी व्हायचं असतं. तुमच्या श्रीस्थानकात ही विद्या बायका कशासाठी शिकतात? पुरुष लोपकरांना कायदा लागू आहे का? राजाने पगारी ठेवले म्हणता, मग अंतःपुराच्या दाराशी त्याने काय केलंय?

जुनापाणी

कथेतच उत्तर आहे, आणि ते तांत्रिक आहे. एक शहाणा मंत्री म्हणतो, हे भूत असेल तर मंत्राने जाईल, माणूस असेल तर पाऊल उमटेल. दारांत बारीक माती पसरतात. पावलं उमटतात. मग दारं बंद करून शिपाई हवेत तलवारी चालवतात. तिघे मरतात, नागार्जुन राजाच्या अगदी जवळ उभा राहून वाचतो, कारण राजाच्या आसपास तलवार चालवायला बंदी असते. तिथून त्याला वैराग्य येतं.

ऐरोलीवाली

मेलेल्या तिघांना आलं नाही म्हणायचं.

खारफुटी

ऐरोलीवाली, कायद्याचं मनावर घेते. आत्तापर्यंत असं आहे की विद्या मिठागरात राबणाऱ्या बायकांकडून निघाली आणि दरबाराने ती नंतर उचलली. त्यांना मुकादमाच्या नजरेतून सुटायचं होतं, बाकी काही नाही. पुरुषांना शिकायला परवानगी लागते, ही तुमची देणगी. अंतःपुराच्या दारात मीठ पसरलेलं असतं.

तीन_पेट्रोलपंप

पावसाळ्यात काय करतात हे लोक? रूप अडवलं तरी पाणी अंगावरून ओघळणार, सरी मधेच तुटणार. ठाण्याच्या जुलैत एक माणूसभर कोरडी पोकळी चालत येताना दिसली तर पहारेकरी झोपेत असला तरी उठेल.

वीसबाजूंचाफासा

चातुर्मास! लोपकर आषाढी ते कार्तिकी धंदा बंद ठेवतात. देवही झोपलेले, हेही झोपलेले.

खारफुटी

हे तर मी संपूर्ण प्रकरण करणार. त्या चार महिन्यांत ते उधारीवर जगतात, आणि नायिकेचं कर्ज तिथूनच सुरू होतं.

अपवर्तन

मडक्याचा प्रश्न राहिला. तिच्या हातातली वस्तू. पाहणाऱ्याचा डोळा 'तिच्यासाठी' अडवलेला असेल तर मडकं दिसायला हवं. कपडेही दिसायला हवेत. इथे तर्कशुद्ध राहायचं ठरवलंत तर लोपकर उघडे फिरतील.

ऐरोलीवाली

आणि पुन्हा बाईच उघडी फिरेल. नको.

जुनापाणी

रूपावर संयम म्हणजे स्वतःचं रूप जसं ती मनात धरते तसं. रोज नेसते ते लुगडं, हातातल्या बांगड्या तिच्या रूपाचा भाग आहेत. परक्याची वस्तू नाही. म्हणजे स्वतःचं मडकं जाईल, चोरलेलं मडकं तरंगेल.

खारफुटी

आणि ताम्रपट परक्याचा! म्हणजे जाताना ती दिसत नाही, येताना ताम्रपट दिसतो. जुनापाणी, पाय कुठे आहेत तुमचे.

चेंदणीकर

धागा उशिरा वाचला. आमचं घर चेंदणी कोळीवाड्यात, आजोबांची होडी होती. जादूचं मला कळत नाही, खाडीचं कळतं.

पहिलं. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, माणूस दिसला नाही म्हणून काही लपत नाही. चिखलावर निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) बसलेल्या असतात, त्यांच्यावर सावली पडली नाही तरी पायाचा हादरा पोचतो, पटापट बिळात जातात. तुमची बाई चालेल तिथे समोरच्या चिखलातली हालचाल थांबत जाईल. आम्ही लांबून माणूस असाच ओळखतो. रोहित पक्षी थव्याने बसलेले असतील तर त्यांच्याकडे सगळ्यात आधी बघा, एक मान वर झाली की सगळ्या होतात. त्यांच्या डोळ्यांवर तुमची विद्या चालते का?

दुसरं. तुम्ही अमावास्येची मध्यरात्र घेतली आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अमावास्येला पंधरा धरले की सव्वाअकरा, आपल्या बाजूला खाडीच्या टोकाला आणखी थोडं उशिरा. म्हणजे अमावास्येच्या मध्यरात्री भरती, तीही उधाणाची. तुडवायला चिखल नाहीच. बाईच्या डोक्यावरून पाणी.

तीन_पेट्रोलपंप

=)) सात पानी धाग्यात खाडीला पाणी असतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

अपवर्तन

चेंदणीकर, हे सूत्र मी वर्गात सांगणार आहे. चंद्र रोज सुमारे ४८-५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून तिथीमागे पाऊण तास. चोख आहे.

खारफुटी

चेंदणीकर दादा, मग मला मध्यरात्री ओहोटी कधी मिळेल?

चेंदणीकर

अष्टमी. आठ पाऊणे सहा. सहाला भरती तर बाराला ओहोटी. पण अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी उधाणासारखं लांब उतरत नाही. मधला प्रवाह पोहूनच जावा लागेल, दोन्ही काठांना चिखलाचा पट्टा मिळेल. पूर्ण सुकती (ओहोटी) हवी असेल तर अमावास्येचीच पहाट घ्या, साडेपाच-सहा. पण तेव्हा उजाडायला येतं.

अपवर्तन

अष्टमी घेतलीत तर चंद्र आला. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास पश्चिमेला मावळत असतो. ठाण्याकडून पलीकडे जाताना तो तिच्या पाठीमागे, अगदी खाली. सावली लांबच लांब, तिच्या पुढे, थेट चौकीच्या दिशेने पडणार. वद्य अष्टमीला उलट: चंद्र त्या सुमाराला पूर्वेला, चौकीच्या मागून उगवतो. सावली तिच्या मागे, ठाण्याच्या बाजूला.

वीसबाजूंचाफासा

शहाणी लोपकरीण वद्य अष्टमी निवडेल. लेखिकेने शुक्ल निवडावी.

ऐरोलीवाली

नायिका शहाणी आहे ना? मग तिने वद्यच निवडू दे आणि काहीतरी कारणाने तिला शुक्लला जावं लागू दे. स्वतःहून मूर्खपणा करणाऱ्या नायिका पुष्कळ वाचल्यात.

खारफुटी

ताम्रपट वद्य पंचमीला चौकीतून राजधानीला हलणार आहे. मग तिच्याकडे शुक्ल अष्टमीच उरते. हे आत्ता सुचलं.

आणि पक्ष्यांचं: विद्या माणसांवर चालते, पशुपक्ष्यांवर नाही. चौकीत कुत्रा ठेवलेला नाही, कारण जकातदाराला कुत्र्यांची भीती. त्याऐवजी पहारेकऱ्यांना काहीतरी हवं.

जुनापाणी

कुबेराचं पाणी. महाभारतात वनपर्वातल्या रामोपाख्यानात इंद्रजित अदृश्य राहून लढतो, तेव्हा कुबेर एका गुह्यकाबरोबर (आपल्या यक्षासारख्या सेवकाबरोबर) पाणी पाठवतो. त्याने डोळे धुतले की लपलेले जीव दिसू लागतात. राम, लक्ष्मण आणि वानरांतले प्रमुख डोळे धुतात. महाग ठेवा, थोडं ठेवा. चौकीत एकच कुपी, आणि ती उघडायची की नाही हे जकातदाराने ठरवायचं.

आणखी एक, ताम्रपटाबद्दल. तुमच्या मनात एक पत्रा आहे का? शिलाहारांचे ताम्रपट बहुधा तीन पत्र्यांचे, भोकातून जाड कडी ओवलेली आणि कडीवर गरुडाची मुद्रा. अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा, ठाण्यातच सापडला होता. वजन चांगलंच असतं. आणि पत्रे कडीत सैल असतात.

वीसबाजूंचाफासा

म्हणजे वाजतात.

जुनापाणी

वाजतात. व्यासभाष्याप्रमाणे शब्दही अडवता येतो, पण तो तिचा स्वतःचा. परक्या तांब्याचा नाही, तुमच्याच नियमाने.

तीन_पेट्रोलपंप

कडी कापून पत्रे लुगड्यात गुंडाळायचे. सोपं.

जुनापाणी

कडी कापली की मुद्रा गेली. मुद्रेशिवाय ताम्रपट म्हणजे मोडीचं तांबं. कोणताही दरबार मानणार नाही.

चेंदणीकर

मधला प्रवाह पोहायचा आहे हे विसरू नका. तेवढं तांबं कमरेला बांधून. आणि बारानंतर पाणी चढायला लागेल, चौकीत तिने फार वेळ काढला तर परतीचा पट्टा राहणार नाही.

खारफुटी

कडी कापायची नाही. तीन पत्र्यांच्या मधे ओला चिखल थापेल, म्हणजे आवाज बसेल, आणि चिखल मिठागराचा नसून खाजणाचा आहे हे नंतर जकातदाराच्या लक्षात येईल. पोहताना तो चिखल धुऊन जाणार आणि पलीकडच्या काठावर पत्रे पुन्हा वाजायला लागणार. तिथे कोण उभं आहे ते ठरवते. सातवं प्रकरण नव्याने लिहून इथेच टाकेन. चेंदणीकर दादा, प्रवाह किती रुंद धरू?

चेंदणीकर

हल्ली भराव टाकून खाडी अरुंद झाली आहे, आजच्या मापाने जाऊ नका. आजोबांच्या वेळचं वडिलांना विचारून उद्या सांगतो.

वीसबाजूंचाफासा

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. रविवारी हेच दृश्य खारघरला खेळवून बघतो, चार पहारेकरी आणि एक कुपी. बाई पोचते का ते कळवतो.